दंडावरचा पट्टा आणि बाळंतिणीचा जीव

गरोदर बाईला झटके आले की आपल्याकडे 'बाहेरची बाधा' म्हणायचे. खरं कारण पकडायचं सोपं साधन आलं १८९६ साली. इटलीच्या रिव्हा-रोच्ची या डॉक्टरनं बीपी मोजायला दंडावर बांधायचा पट्टा बनवला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांनी दाखवलं, की असे झटके येणाऱ्या बायकांचं बीपी चढलेलं असतं. म्हणजे बीपी मोजत राहिलं तर धोका आधीच कळू शकत होता!

औषधाचं एकमत व्हायला मात्र जवळपास शंभर वर्षं गेली. मॅग्नेशियम सल्फेट हे जुनंच, स्वस्तातलं इंजेक्शन. १९९५ साली भारतासह अनेक देशांत झालेल्या चाचणीत तेच सरस ठरलं. २००२ मध्ये, बीपी वाढलेल्या १०,००० हून जास्त महिलांच्या चाचणीत झटक्यांचा धोका निम्म्यावर आला.

आज पट्टाही आहे, औषधही आहे. प्रश्न उरतो आपल्या उपकेंद्राचा. मशीन चालू आहे का? दर तपासणीला बीपी मोजतात का? ग्रामसभेत विचाराच.

आणि घरात कुणी गरोदर असेल तर लक्षात ठेवा: बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट बघू नका. दवाखाना गाठा.