कलिंगडाचें कोडें

३० ऑक्टोबर १९३८ रोजीं ऑर्सन वेल्स यांनीं अमेरिकेंत मंगळवासीयांच्या स्वारीचें नभोनाट्य सादर केलें. कांहीं श्रोत्यांस तें खरेंच वाटलें. १९८४ मधील ‘बकारू बान्झाय’ या विनोदी बोलपटानें ती हकीकत उलटविली: परग्रहवासी खरोखरच उतरले, ‘नाटक होतें’ ही सारवासारव मागाहूनची! तिकीटविक्रींतून खर्चहि निघाला नाहीं. तरी त्याचे चाहते तो पुनःपुन्हां पाहत राहिले. असें कां व्हावें? यंत्रांत कलिंगड कशाला, असें एक पात्र विचारतें. उत्तर पुढें ढकललें जातें. शेवटीं जाहीर केलेला दुसरा बोलपटहि कधीं निघाला नाहीं. शिक्षकाचा अनुभव सांगतों: पुरता उकललेला धडा मुलें वर्गांतच ठेवतात; अर्धा राहिलेला प्रश्न मात्र घरीं नेतात.