दोन परवाने

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या घरात ‘परवाना’ या शब्दाचे दोन अर्थ नांदत होते. अब्बांच्या तोंडी तो पतंग होता. शमेवर झेप घेणारा, हसत जळून जाणारा, गझलेतला परवाना. घराबाहेर, मराठी शाळेत आणि नगरपालिकेच्या खिडकीवर, तोच शब्द शिक्क्याचा कागद होऊन भेटायचा. दुकानाचा परवाना, लाऊडस्पीकरचा परवाना. दोघेही फारसीतून आले, एकाच वेशात आले. मी मराठीत कविता लिहू लागलो तेव्हा या गमतीवर चार ओळी रचून संमेलनांत टाळ्याही घेतल्या. पण आज जिच्याविषयी बोलायचे आहे, त्या मुलीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र आले, आणि तिथे टाळी वाजवायला हात उचलत नाही.

तिचे नाव एमा लिव्री. पॅरिसच्या ऑपेरात ती नाचायची. 1858 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ती पहिल्यांदा रंगमंचावर आली आणि पॅरिसने तिला डोक्यावर घेतले. आधीच्या पिढीची थोर नर्तिका मारी ताल्योनी तिला शिकवू लागली. एवढेच नव्हे, तर तिच्यासाठी ताल्योनीने 1860 मध्ये एक बॅले रचला. संगीत ओफेनबाखचे, नाव ‘ल पापियाँ’, म्हणजे फुलपाखरू. त्यातली नायिका फुलपाखरू होते आणि मशालीच्या ज्योतीकडे ओढली जाऊन पंख जाळून घेते. आमच्या उस्तादांना ही गोष्ट सांगितली असती तर ते म्हणाले असते, अरे, ही तर आपलीच!

आता त्या काळचा रंगमंच डोळ्यांसमोर आणा. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे मागे पडून गॅस आला होता. नळीतून येणारा आणि तोंडाशी उघडा जळणारा गॅस. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ओळीने ज्योती, विंगांत उभ्या नळ्यांवर ज्योती, वर पडद्यांच्या गर्दीत ज्योती. आणि या ज्योतींमधून ये-जा करणाऱ्या मुलींच्या अंगावर काय, तर मलमल, जाळीदार तलम कापड, थरावर थर. हवेत तरंगल्यासारखे दिसावे म्हणून ते मुद्दाम हलके, मुद्दाम फुगलेले. कापसाला आणि आगीला एका खोलीत ठेवायचे आणि वर कापसाला नाचायला सांगायचे, असा हा कारभार होता.

धोका कुणाला ठाऊक नव्हता असे नाही. 1844 च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेबस्टर ही तरुण नर्तिका प्रेक्षकांसमोर पेटली आणि तीन दिवसांनी गेली. (बॅलेचे नाव होते ‘जनानखान्यातले बंड’. युरोपच्या कल्पनेतला जनानखाना! त्यावर बोलायचे तर वेगळे भाषण लागेल.) 1861 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका नाट्यगृहात कपडे बदलताना एकीच्या झग्याने पेट घेतला, तिला वाचवायला धावलेल्या बहिणी पेटल्या. गेल नावाच्या चार बहिणी होत्या त्या. आणखी काही मुलीही त्यांच्याबरोबर गेल्या.

पॅरिसमध्ये यावर उपाय निघाला होता. कार्तरों नावाच्या माणसाने कापड क्षारांच्या पाण्यात भिजवून ते चटकन पेटू नये अशी रीत काढली होती, आणि 1859 साली बादशाही फर्मान निघून नेपथ्य व पोशाख असे भिजवून घेण्याचे बंधन आले. नर्तिकांना ते नको होते. भिजवलेले कापड ताठ व्हायचे, मळकट दिसायचे, तरंगायचे नाही. एमाने 1860 मध्ये ऑपेराच्या संचालकांना पत्र लिहिले की, नव्या बॅलेच्या पहिल्या प्रयोगांना मी माझा नेहमीचाच झगा घालून नाचेन, आणि जे होईल त्याची जबाबदारी माझी.

ही झाली परवान्याची दुसरी बाजू. मुलीची सही असलेला कागद दप्तरात जमा झाला.

15 नोव्हेंबर 1862 रोजी दुसऱ्याच एका ऑपेराची तालीम सुरू होती. त्यात एमा मुक्या मुलीचे काम करत होती. प्रवेशाची वाट पाहत ती विंगेजवळ होती. झगा चुरगळू नये म्हणून तिने तो हातांनी वर फुलवला, असे सांगतात. हवेचा झोत गेला, बाजूची ज्योत लवली, आणि झगा पेटला. ती रंगमंचावर धावत सुटली. धावण्याने आग आणखी भडकली. ड्यूटीवरच्या बंबवाल्याने कांबळे टाकून ती विझवली तोवर व्हायचे ते झाले होते. चेहरा वाचला. ती मात्र आठ महिने जळल्या अंगाने पडून राहिली आणि 26 जुलै 1863 रोजी गेली. वय वीस.

आजही ही कथा सांगताना पुष्कळ लोक शेवटी म्हणतात, तिनेच तो झगा नाकारला होता ना! मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा असेच म्हणालो. मग मला माझीच एक जुनी सही आठवली.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एकांकिका स्पर्धा होती, आणि प्रकाशयोजनेची जबाबदारी आम्हा दोघा मित्रांवर. भाड्याने डिमर आणायला पैसे नव्हते. तेव्हा हौशी मंडळी मिठाच्या पाण्याचा डिमर करत. बादलीत मिठाचे पाणी, तळाशी धातूची एक पट्टी, दुसरी पट्टी वरून दोरीने खाली-वर सोडायची. पट्ट्या जवळ आल्या की दिवा उजळतो, दूर गेल्या की मंदावतो. संध्याकाळ फार सुंदर उतरायची त्यात. फक्त त्या बादलीत 230 व्होल्टचा प्रवाह असायचा, पाणी तापून वाफ निघायची आणि जमिनीवर सांडत राहायचे. आणि आम्ही अनवाणी. नटराजाची पूजा झाली की रंगमंचावर चपला घालायच्या नाहीत, हा आपल्याकडचा रिवाज. मलाही तो कधी परका वाटला नाही, मशिदीच्या दारात चपला काढून वाढलेला मुलगा मी.

सभागृहाच्या व्यवस्थापकांनी बादली पाहिली होती. त्यांनी आमच्याकडून एक कागद लिहून घेतला: वीजजोडणी आमच्या जबाबदारीवर. आम्ही ऐटीत सही केली. आता गंमत पाहा. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र होते. तिच्यातला शब्द न् शब्द सरकारने तपासला होता. बादली कुणीच तपासली नव्हती.

दुसऱ्या प्रवेशात दोरी ओली झाली आणि मला धक्का बसला. हात सुटेना, आवाज फुटेना. माझा मित्र मेन स्विचजवळ चोरून विडी ओढत उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिले आणि मेन पाडला. प्रेक्षकांना वाटले वीज गेली. शिट्ट्या झाल्या. माझी उजवी करंगळी आजही अर्धवट बधिर आहे. व्यवस्थापक धावत आले आणि पहिले वाक्य बोलले ते असे: “तुम्ही लिहून दिलंय.”

एमाचे पत्र मला तेव्हापासून वेगळे वाचता येते. धोक्याचा विचार करण्याची एक उतरंड असते. आधी विचारायचे, की धोक्याची वस्तूच काढून टाकता येईल का? नसेल तर तिच्याऐवजी दुसरी आणता येईल का? तेही नसेल तर माणूस आणि ती वस्तू यांच्यात आडोसा घालता येईल का? मग कामाची पद्धत बदलायची, आणि सगळ्यात शेवटी माणसाच्या अंगावर संरक्षणाचा पोशाख चढवायचा. पॅरिसने सुरुवात शेवटच्या पायरीपासून केली. झगा भिजवा म्हणाले. ज्योतीला जाळी लावा, विंगेतली वाट दिव्यापासून दूर घ्या, हे नर्तिकेला विचारून ठरणार नव्हते. ती फक्त झग्याला हो किंवा नाही म्हणू शकत होती. आणि ज्या झग्यात ती वाईट दिसणार, त्या झग्याने तिची भाकरी जाणार होती.

ज्योतच काढून टाकणारा माणूस एकोणीस वर्षांनी भेटतो. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचा मालक रिचर्ड डॉयली कार्ट. 28 डिसेंबर 1881 रोजी त्याने रंगमंचावर विजेचे दिवे लावले. लोकांना विजेची भीती होती. म्हणून त्याने सगळ्यांसमोर एक जळता बल्ब हातात घेतला, त्याला मलमल गुंडाळली आणि तो फोडला. मलमलीला डागसुद्धा पडला नाही. बल्बला दुसरे कुठलेही कापड चालले असते, पण त्याने नेमके नर्तिकांचेच कापड निवडले. त्याच्या वीसच दिवस आधी व्हिएन्नाचे रिंग थिएटर गॅसच्या आगीत जळून साडेतीनशेहून अधिक माणसे गेली होती. तिथे त्या संध्याकाळी खेळ होता ओफेनबाखचा.

पण उपाय सापडला म्हणून तो वापरला जातोच असे नाही. सॅव्हॉयचा वास्तुविशारद सी. जे. फिप्स. त्यानेच पुढे एक्सेटर गावातले थिएटर रॉयल बांधले, आणि तिथे गॅसच होता. 5 सप्टेंबर 1887 ला नेपथ्याने पेट घेतला आणि 186 माणसे मेली. ब्रिटनमधल्या नाट्यगृहाच्या आगींत इतके बळी दुसऱ्या कुठल्याही आगीने घेतलेले नाहीत.

वीज आल्यावरही मलमलीची आणि दिव्याची गाठ सुटली नाही. 30 डिसेंबर 1903, शिकागोचे इरोक्वा थिएटर. नवे कोरे, पूर्ण अग्निरोधक म्हणून जाहिरात केलेले, उघडून पाच-सहा आठवडेच झालेले. आर्क दिव्याची ठिणगी मलमलीच्या पडद्यावर पडली. आगीचा पडदा खाली सोडला तो मध्येच अडकला. रंगमंचावरची धुराडी बंद होती, प्रेक्षागृहाच्या कितीतरी दारांना कड्या-कुलपे होती. नट आणि कामगार मागच्या मोठ्या दाराने बाहेर पडले. ते दार उघडल्याबरोबर थंड वारा आत घुसला आणि त्याने आगीचा लोळ अडकलेल्या पडद्याखालून प्रेक्षकांवर लोटला. सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बायका-मुले पुष्कळ. कलाकार बहुतेक वाचले. तारेवर लटकून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडणारी नेली रीड मात्र वर होती. ती वाचली नाही.

या आगींनंतर नियम झाले. बाहेर उघडणारी दारे, छातीने ढकलले तरी सुटणारे अडसर, आगीचा पडदा. चांगलेच नियम ते, तुम्ही-आम्ही नाटक पाहून सुखरूप घरी येतो ते त्यांच्यामुळे. पण त्या पडद्याकडे एकदा रंगमंचाच्या बाजूने पाहा. तो आग अडवतो म्हणजे कुठे अडवतो? रंगमंचावर. जिथे नट आहे, दोरीवाला आहे, दिवेवाला आहे तिथे. प्रेक्षकांसाठी ती भिंत आहे, कामगारासाठी बंद होणारे दार. म्हणून त्यांना वेगळी वाट आणि डोक्यावर उघडणारी धुराडी हवीतच. शिकागोने दाखवले की तिकडच्या माणसाची वाट नीट आखली नाही तर इकडचाही माणूस मरतो.

हा हिशेब कागदावर मांडायला विसावे शतक सरत आले. ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्याने नाट्यगृहातला कामगारही कारखान्यातल्या कामगारासारखाच कामगार ठरला, आणि 1993 पासून प्रत्येक मालकावर धोक्यांचे मूल्यमापन करण्याचे बंधन आले. काय घडू शकते, कुणाला इजा होऊ शकते, काय उपाय केला. मला यातला मधला प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. कुणाला? ते उत्तर लिहायचे तर विंगेत जाऊन माणसे मोजावी लागतात. आणि सही करायची ती मालकाने, नर्तिकेने नव्हे.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी 1915 साली उभे केलेले पॅलेस थिएटर ते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माणूस कुणी दगावला नाही, पण ते फोटो पाहून मी दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी मित्राचा फोन आला, तोच मेन पाडणारा. विडी त्याने केव्हाच सोडली, दिवे नाही सोडले. अजून गावोगाव नाटकांची प्रकाशयोजना करतो. बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. मग म्हणाला, “आज प्रयोग आहे रे, निघतो.”

पुढे एकदा त्याच्याबरोबर मी विंगेत गेलो होतो. नटराजाची पूजा झाली. त्याने वाकून रंगमंचाला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि पिशवीतून रबरी तळाचे बूट काढून पायांत चढवले. बाजूला एक नवा पोरगा अनवाणी उभा होता. त्याच्यासाठीही एक जोड आणला होता. मापाला मोठा होता, पण घातला त्याने.