रेहोवोत ते खारघर

एप्रिल २०१२. फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयात सहा वर्षांची एमिली व्हाइटहेड कृत्रिम श्वासावर होती. रक्ताचा कर्करोग केमोथेरपीनंतर दोनदा उलटला होता. शेवटी तिच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, त्यांत नवं जनुक घालून तिला परत दिल्या गेल्या. ते जनुक पेशींत पोचवलं एचआयव्हीपासून बनवलेल्या, पण निरुपद्रवी केलेल्या विषाणूनं. आता या पेशी सीडी१९ ही खूण असलेल्या प्रत्येक पेशीवर तुटून पडत होत्या.

इतक्या जोरात, की पोर तापानं फणफणली आणि रक्तदाब कोसळला. तपासणीत इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन अफाट वाढलेलं निघालं. या उपचारामागचे संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता. त्यामुळे हेच प्रथिन रोखणारं टोसिलिझुमॅब त्यांच्या माहितीतलं होतं. कर्करोगाशी संबंध नसलेलं ते औषध दिलं आणि ताप उतरू लागला. एमिलीला जाग आली ती सातव्या वाढदिवशी. बापाला घरच्या दुखण्यातून ठाऊक झालेलं औषध त्या वेळी आठवलं नसतं, तर ही वाट बहुधा तिथेच बुजली असती.

कारण जनुकोपचारावर आधीच सावट होतं. १९९९ मध्ये जून यांच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका चाचणीत यकृताचा आनुवंशिक विकार असलेला अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर दगावला होता. एमिलीला मिळालेल्या उपचाराची मूळ कल्पना तर त्याहून जुनी. १९८९ मध्ये इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार आणि सहकाऱ्यांनी अँटीबॉडीचा शत्रू ओळखणारा भाग टी पेशीवर बसवून दाखवला. मात्र अशा पेशी शरीरात तग धरत नसत. न्यूयॉर्कचे मिशेल सादलेन आणि इतरांनी त्यांना चेतवणारा दुसरा संकेत जोडला, तेव्हा त्या टिकू लागल्या.

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेनं या उपचाराला मान्यता दिली. किंमत: ४,७५,००० डॉलर.

हा आकडा पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार आणि सहकाऱ्यांनी खाली आणला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी देशी पेशी घडवल्या. ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला त्या दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या नावानं या उपचाराला परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. परदेशातल्या किमतीच्या जेमतेम एक दशांशात! ही मोठी झेप आहे. तरीही खर्च लाखांच्याच घरात, आणि परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर आजही गावोगावची बिऱ्हाडं पथारी पसरून नंबर लागण्याची वाट पाहत असतात.