पान जुळवणारे हात

शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे पान संगणकावर लावायला शिकणारा विद्यार्थी सुरुवातीला काय शिकतो? मजकूर चौकटीत कसा ओतायचा, चित्राच्या कडा कशा कापायच्या, दोन ओळींत किती अंतर ठेवायचे. या आज्ञा पाठ करून घेता येतात. पण त्या आल्या कुठून हे कळले, तर पाठांतराची गरजच उरत नाही. म्हणून पृष्ठरचनेच्या सॉफ्टवेअरचा इतिहास आपण थोडा तपासून पाहू.

ओळींमधल्या अंतराला या सॉफ्टवेअरमध्ये 'लेडिंग' म्हणतात. लेड म्हणजे शिसे. खिळे जुळवून ओळ तयार झाली की दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी सरकवत असत. खिळे गेले, शिसे गेले, शब्द मात्र राहिला. पुढे फोटोकंपोझिंग आले. मजकूर ब्रोमाइड कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर मिळू लागला. त्या ब्लेडने कापायच्या, मागे मेण किंवा डिंक लावायचा आणि आखलेल्या जाड कागदावर चिकटवायच्या. आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने करत, कारण छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या फिल्मवर ती निळी रेघ उमटत नसे. आज पडद्यावर दिसणाऱ्या पण छापल्या न जाणाऱ्या मार्गदर्शक रेषा या निळ्या रेघांच्याच वारसदार आहेत.

हे काम जवळून पाहिलेला एक माणूस म्हणजे पॉल ब्रेनर्ड. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात शिकत असताना त्यांनी विद्यार्थ्यांच्या दैनिकाचे संपादन केले होते. नंतर वृत्तपत्रांसाठी संगणकयंत्रणा बनवणाऱ्या एटेक्स कंपनीत त्यांनी नोकरी केली. 1984 मध्ये सिएटल येथे त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तिला नाव दिले 'आल्डस'; व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्यावरून. या मुद्रकाने 1501 मध्ये तिरक्या वळणाच्या इटालिक टाइपात पुस्तक छापले आणि सहज हातात मावतील अशा छोट्या आकाराच्या ग्रंथांचा प्रसार केला. ब्रेनर्ड यांच्या कंपनीचे 'पेजमेकर' जुलै 1985 मध्ये बाजारात आले. त्याच्या पडद्यावर मधोमध पान आणि भोवती मोकळी जागा असे. कापलेले तुकडे हाताशी ठेवावेत तसे मजकूर आणि चित्रे या जागेत ठेवता येत. चिकटकामाचे टेबलच जणू पडद्यावर आले होते.

पण हे 1985 मध्येच का जमले? थोडा हिशेब करून पाहू. त्याच वर्षी अ‍ॅपलचा 'लेझररायटर' हा मुद्रक-यंत्र आला. तो एका इंचात 300 ठिपके उमटवत असे. साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच कागदावर असे ठिपके होतात 2550 गुणिले 3300, म्हणजे 84,15,000. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तरी दहा लाखांहून अधिक बाइट लागतात. त्या वेळच्या मोठ्या मॅकिंटॉशची स्मृती होती 512 किलोबाइट, म्हणजे याच्या निम्मी! संगणकात पानाचे पूर्ण चित्र मावणेच शक्य नव्हते.

यातून वाट काढली ती जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अ‍ॅडोबी कंपनीने. त्यांच्या 'पोस्टस्क्रिप्ट' भाषेत ठिपके पाठवायचे नसतात, पानाचे वर्णन पाठवायचे असते: अमुक जागी अमुक आकाराचे अमुक अक्षर काढ. ठिपके कुठे उमटवायचे ते मुद्रक-यंत्र स्वतःच ठरवते. म्हणून लेझररायटरमध्ये दीड मेगाबाइट स्मृती होती आणि त्याचा प्रोसेसर खुद्द मॅकिंटॉशपेक्षा वेगवान होता. किंमतही तशीच होती, 6,995 डॉलर. तरीही अनेक कारागिरांचे काम एका टेबलावर आले. जुळारी, चिकटकाम करणारा, आखणी करणारा या सर्वांची कामे आता एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाकडे आली. यंत्र त्याला मिळाले. पण कारागिरांच्या नजरेत मुरलेले शहाणपण यंत्राबरोबर आपोआप आले नाही. ते शिकावेच लागते.

हीच यंत्रणा महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आली तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 256 जागा. त्यात देवनागरीची सर्व जोडाक्षरे कशी बसणार? म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले: अर्धी अक्षरे, काना, वेलांटी, रफार. हे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवले. शिशाच्या काळातही देवनागरी अक्षर तुकड्यांतून जुळवत असत. तीच युक्ती संगणकात आली. मात्र प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या क्रमाने मांडले. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, 'क' नंतर. डोळ्यांना ते ठीक दिसे. पण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतेच, होती ती रोमन चिन्हांची रांग.

1991 च्या युनिकोडने देवनागरीला 128 स्वतंत्र जागा दिल्या. त्यात 'कि' उच्चाराच्या क्रमाने साठवतात, आधी 'क', मग वेलांटी. ती डावीकडे दाखवणे हे फॉन्टचे आणि सॉफ्टवेअरचे काम. पेजमेकरला युनिकोड कधीच उमगले नाही. 1994 मध्ये अ‍ॅडोबीने आल्डस कंपनी घेतली, 1999 मध्ये 'इनडिझाइन' आणले आणि 2001 च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरची वाढ थांबली. त्यामुळे त्या काळात पेजमेकरमध्ये लावलेले कितीतरी मराठी अंक आज कागदावर वाचता येतात, पण त्यांच्या मूळ फाइली उघडल्या तर अगम्य चिन्हे दिसतात. त्यांत शब्द शोधता येत नाही, मजकूर उचलता येत नाही. आपल्या शाळेच्या कपाटातल्या जुन्या सीडीही अशाच मुक्या झाल्या असतील.

शिक्षकमित्रांना आम्ही दोन गोष्टी सुचवू. पहिली, विद्यार्थ्यांना संगणकासमोर बसवण्याआधी एक पान कात्री, डिंक आणि निळ्या पेन्सिलीने लावायला द्या. समास का सोडायचा, लांब ओळ वाचताना डोळा कुठे चुकतो, हे हाताला लवकर कळते. दुसरी, शाळेच्या एखाद्या जुन्या अंकाची फाइल मिळवा. तिचा फॉन्ट कोणता हे शोधून मजकूर युनिकोडमध्ये बदलायला लावा आणि छापील प्रतीशी ताडून पाहायला सांगा. रफार आणि वेलांट्या कुठे निसटल्या ते विद्यार्थी स्वतः शोधतील. पान लावण्याचे शिक्षण त्यातून होईलच, शिवाय एक अंकही पुन्हा बोलू लागेल.