डिजिटल भटकंती

डिजिटल भटकंती ही इंटरनेटच्या साहाय्याने दूरस्थ पद्धतीने काम करत वारंवार मुक्काम बदलण्याची जीवनपद्धती आहे. ती अवलंबणाऱ्या व्यक्तीस डिजिटल नोमॅड किंवा डिजिटल भटक्या असे म्हणतात. धनगरांसारख्या पारंपरिक पशुपालक समाजांचा मुक्काम चराई व ऋतुमान यांनुसार बदलतो. डिजिटल भटक्याचे काम स्थळाशी बांधलेले नसल्याने तो मुक्काम स्वतः निवडतो; मात्र उत्पन्न, पारपत्र आणि करविषयक कायदे यांमुळे या निवडीवर मर्यादा येतात.

इतिहास

अमेरिकन लेखक स्टीव्हन रॉबर्ट्स यांनी १९८३ मध्ये ओहायो राज्यातील घर सोडून सायकलप्रवास सुरू केला. सोबतच्या लहान संगणकावर लिहिलेला मजकूर ते दूरध्वनीच्या तारेवरून पाठवीत. १९९७ मध्ये त्सुगिओ माकिमोतो व डेव्हिड मॅनर्स यांचे 'डिजिटल नोमॅड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. २०२० मधील कोविड-१९ साथीच्या काळात दूरस्थ कामाचा प्रसार झपाट्याने झाला.

स्वरूप

संगणकप्रणाली विकसन, लेखन, भाषांतर, ग्राफिक डिझाइन व ऑनलाइन अध्यापन ही कामे या जीवनपद्धतीस अनुकूल ठरतात. कायमचे घर व मोजके सामान यांपलीकडील वस्तू सोडून दिल्यास स्थिर खर्च कमी होतो. कामाच्या वेळा मात्र बहुधा ग्राहकाच्या देशानुसार ठरतात; न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा भारतात ऋतूनुसार सायंकाळचे ६:३० किंवा ७:३० झालेले असतात.

व्हिसा व कर

पर्यटक व्हिसावर काम करण्यास अनेक देशांत परवानगी नसते. त्यामुळे बार्बाडोस व एस्टोनिया यांनी २०२० मध्ये, तर पोर्तुगालने २०२२ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था सुरू केली. पोर्तुगालमध्ये अर्जदाराचे मासिक उत्पन्न तेथील किमान वेतनाच्या चौपट असावे लागते. जपानने २०२४ मध्ये सुरू केलेला सहा महिन्यांचा व्हिसा ठरावीक देशांच्याच नागरिकांना मिळतो. त्यासाठी १ कोटी येन वार्षिक उत्पन्नाची अट आहे. त्यामुळे एकच काम करणाऱ्या दोन व्यक्तींना नागरिकत्वानुसार वेगवेगळी संधी मिळते. करदायित्व अनेकदा वास्तव्याच्या दिवसांवरून ठरते. भारतात आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस राहणारी व्यक्ती आयकरासाठी निवासी मानली जाते.

परिणाम व टीका

२०२० नंतर मुंबई, पुणे, बंगळूर आदी शहरांतील अनेक नोकरदार दूरस्थ कामासाठी गोव्यात राहू लागले. अशा मुक्कामांमुळे स्थानिक व्यवसायांना वर्षभर ग्राहक मिळतात. तथापि, परदेशी चलनात कमावणाऱ्यांमुळे घरभाडे वाढते आणि स्थानिक रहिवाशांना शहराबाहेर जावे लागते, अशी टीका लिस्बन व मेक्सिको सिटी येथे झाली आहे. मेक्सिको सिटीमध्ये जुलै २०२५ मध्ये याविरोधात निदर्शनेही झाली. सामाजिक सुरक्षा, आरोग्य विमा व वृद्ध पालकांची देखभाल या बाबी दीर्घकाळ अशी भटकंती करणाऱ्यांपुढील प्रमुख अडचणी आहेत.