किल्लारीनंतरचं काम

सप्टेंबर संपत आला की आपल्या मराठवाड्यात किल्लारीची आठवण निघते. आमच्या गटातल्या निम्म्या जणी तेव्हा पाळण्यात होत्या, काही जन्मल्याही नव्हत्या. तरी ती रात्र आम्ही आई-आजीकडून इतक्या वेळा ऐकलीय की स्वतः पाहिल्यासारखी वाटते. आज त्या रात्रीबद्दल थोडं, आणि त्यानंतर झालेल्या कामाबद्दल जास्त बोलणार आहोत.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती. औसा आणि उमरगा तालुक्यांत किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी कितीतरी गावं काही क्षणांत ढिगारा झाली. सरकारी नोंदीत ७,९२८ माणसं गेली.

एवढी माणसं का गेली? घरं माळवदाची होती. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण दगड मातीत बसवलेले. आतला दगड आतल्या बाजूला, बाहेरचा बाहेर, मधे खडी-माती भरलेली. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर लाकडं आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात घर गार राहायचं, पण छत वर्षागणिक जड होत जायचं. हादरा बसला, भिंत फुगून दोन्हीकडे सुटली आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

सूचना मिळाली नव्हती असंही नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी भागात लहान लहान धक्के बसले होते. पण सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेला होता. महिने गेले, भीती ओसरली. माळवदावरची माती तशीच राहिली.

भूकंपानंतर लष्कर आलं, देशभरातून मदत आली. लातूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी यांचं नाव आजही लोक काढतात. पण ढिगारा उपसून झाल्यावर जे काम उरतं, ते वर्षानुवर्षांचं असतं. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावं नव्या जागी वसवली. काही गावं होती तिथेच बांधली. आणि तडे गेलेली सुमारे दोन लाख घरं दुरुस्त व मजबूत करायची ठरली.

नव्या गावांत घर किती मोठं मिळणार, हे जमिनीवर ठरलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, जमीनवाल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते सरळ, रुंद. पण गोठा कुठे, चूल कुठे, सासू-सुनेने दुपारी बसायचं कुठे, हा विचार नकाशात कमीच होता. काही ठिकाणी शेत लांब पडलं आणि डोक्यावरच्या भाकरीची वाट लांबली. घर मिळालं ही मोठी गोष्ट होतीच. पण बाईला आधी विचारलं असतं तर तेच घर जास्त कामाचं झालं असतं.

दुरुस्तीच्या गावांत मात्र वेगळी गोष्ट घडली. इथे सरकार घर बांधून देणार नव्हतं. पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार, काम घरच्यांनी करून घ्यायचं. दगडाची भीती बसलेली, इंजिनियरची भाषा कळेना. म्हणून प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेला लोकसहभागाचं काम दिलं गेलं आणि महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. हजाराहून जास्त गावांत हे काम चाललं.

या बाया घरोघर गेल्या. हप्ता कधी येतो, सिमेंट-सळई कशी मिळते, माळवदावरची माती का उतरवायची, कोपरे कसे बांधायचे, दारावरून चारी भिंतींना फिरणारा सिमेंट-सळईचा पट्टा कशासाठी, हे सगळं त्यांनी आधी स्वतः समजून घेतलं, मग गावाला सांगितलं. गवंड्याला 'इथे पट्टा राहिला' म्हणणारी बाई गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पुढे त्यांतल्या बऱ्याच जणींनी बचत गट उभे केले. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडे गेल्या. भाषा वेगळी होती, पण मोडलेलं घर दोघींनाही माहीत होतं.

२००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्यासोबत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी काम करतात. धोक्याच्या जागा ओळखणं, आराखडा करणं, रंगीत तालीम घेणं, नियंत्रण कक्ष चालवणं आणि आपत्तीनंतर सगळ्या खात्यांना एका जागी आणणं, हे त्यांचं काम. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून सुधारायचा, असं कायद्यातच आहे. नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तो घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. पण एक अधिकारी सगळ्या जिल्ह्याला किती पुरणार? किल्लारीनंतर सरकार आणि घर यांच्यामध्ये संवाद सहायक बाई उभी होती. आज ती जागा रिकामी आहे.

आता आमचीच एक चूक सांगतो. मागच्या वर्षी आमच्या गटातून एका ताईंना खोली वाढवायला कर्ज दिलं. हप्ता किती, जामीन कोण, परतफेड कशी, सगळं विचारलं. भिंतीला पट्टा घेणार का, हे एकीनेही विचारलं नाही. खोली झाली, पट्टा नाही. त्या खोलीत आता त्यांची दोन लेकरं झोपतात. कर्ज वेळेवर फिटतंय, पण त्या भिंतीकडे बघितलं की आमच्या पोटात गोळा येतो.

म्हणून आम्ही गटाच्या ठराव वहीत लिहिलंय: घरासाठी कर्ज मागणाऱ्या ताईकडे दोन जणी जाऊन जागा बघतील आणि गवंड्याशी बोलतील. पट्ट्याच्या सळईचा खर्च कर्जातच धरू. त्या ताईंच्या खोलीसाठी पंचायत समितीच्या इंजिनियरना बोलावलंय. ते सांगतील ते काम गटाच्या पैशातून करू.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे, त्याआधी महिला सभा. तिथे एवढंच विचारा, आपल्या गावाचा आपत्ती आराखडा कुठे आहे? कपाटात असेल तर बाहेर काढून वाचायला लावा. त्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, अपंग माणसं यांची घरं लिहिलीत का ते बघा. नसतील तर आपण सांगू. गावातलं कोणतं घर कसं आहे, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?