भुरक्याचा इतिहास

शाळेत आम्हाला इतिहास शिकवला तो लढायांचा आणि तहांचा. लढाईच्या आदल्या रात्री सैनिक काय जेवले, याला अर्धा मार्कसुद्धा नव्हता. माझं मत असं की, देश ओळखायचा तर राजवाडे नंतर बघावेत, आधी रात्री नऊनंतर रस्त्यावर काय मिळतं ते बघावं.

जपानचंच घ्या. एडो, म्हणजे आजचं टोकियो. घरं लाकडाची, त्यामुळे आगीची सदा धास्ती. 1686 साली सरकारने हुकूम काढला की, विस्तव घेऊन हिंडत शेवया विकायच्या नाहीत. हुकूम निघाला आणि शेवयावाले हिंडतच राहिले. सरकार आणि फेरीवाले यांचं नातं सगळीकडे सारखंच, हे वाचून मला फार बरं वाटलं.

तिथल्या कथाकारांची एक जुनी गंमत आहे. शेवयांच्या वाडग्याचे सोळा पैसे. गिऱ्हाईक एकेक नाणं मोजतं, आठाला थांबून विचारतं, "काय हो, वाजले किती?" विक्रेता म्हणतो, "नऊ." लगेच गिऱ्हाईक पुढे, "दहा, अकरा..." एक नाणं वाचलं! हे पाहणारा दुसरा एक शहाणा दुसऱ्या दिवशी हाच डाव टाकतो, पण जरा लवकर जातो. त्यांच्या घड्याळात मध्यरात्रीचे नऊ, आणि त्याच्या आधीचे चार. विक्रेता म्हणतो, "चार." बिचारा "पाच, सहा" करत चार नाणी जादा मोजतो!

पुढे हे विक्रेते रात्री एक पिपाणी वाजवीत येऊ लागले. तिचं नाव चारुमेरा. शब्द मूळ पोर्तुगीज, वाद्य आपल्या सनईच्या गोतातलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं जपानला जात ती गोव्याहूनच. तेव्हा नात्याने आपण अगदीच परके नाही.

आता मुख्य पदार्थ. दक्षिणेकडे क्युशू बेटावर कुरुमे नावाचं गाव आहे. तिथे 1937 साली एका हातगाडीवर डुकराच्या हाडांचा रस्सा आणि त्यात शेवया, असा रामेन सुरू झाला. (घरी पत्र लिहिताना हाडांचा तपशील गाळावा.) तेव्हा रस्सा पातळ होता. 1947 साली त्याच गावातल्या दुसऱ्या गाडीवर, असं सांगतात, पातेलं आचेवर राहून गेलं आणि रस्सा उकळून उकळून दुधासारखा पांढरा झाला. आमच्याकडे अशा वेळी भांडं घासायला टाकतात आणि दोन दिवस बोलत नाहीत. त्या माणसाने चाखून पाहिलं. आज क्युशूभर त्याच पांढऱ्या रश्श्याचं राज्य आहे.

फुकुओकात या गाडीला 'यताई' म्हणतात. आपल्या ताईशी संबंध नाही, पण माया तीच. गाडी तीन मीटर रुंद, अडीच मीटर खोल, त्यात जेमतेम दहाएक माणसं. मी बसलो तेव्हा डावीकडे एक साहेब टाय सैल करून, उजवीकडे एक आजीबाई. कोपराला कोपर लागल्याशिवाय घास तोंडात जात नाही. सगळे खुशाल भुरके मारतात. शेवया संपल्या की, "काएदामा" म्हणायचं, की उरलेल्या रश्श्यात नव्या शेवया पडतात. ही सोय मासळी बाजारातल्या घाईच्या माणसांसाठी निघाली. शेवया बारीक, झटकन शिजणाऱ्या. आजीबाईंनी बोट वर करून माझ्यासाठी हाक दिली. भाषेची अडचण आलीच नाही.

पण या बाकांवर एक गंडांतर येऊन गेलं. युद्धानंतर, हाती काही न उरलेल्या माणसांनी या गाड्या लावल्या. 1960च्या दशकात फुकुओकात त्या चारशेच्या वर होत्या. मग वाहतूक, सांडपाणी, वास, अशा तक्रारी झाल्या. त्या खोट्याही नव्हत्या. 1990च्या दशकात ठरलं की, परवाना मालकाच्या हयातीपुरताच. म्हणजे म्हातारा गेला की चूलही गेली. कुणी गाड्या मोडल्या नाहीत, फक्त मालक म्हातारे होण्याची वाट पाहिली. गाड्या शंभर-दीडशेवर आल्या.

शेवटी 2013 साली शहराने यताईसाठी खास कायदाच केला. जागा, वेळ, मापं ठरली, शिस्त आली आणि पुढे नव्या माणसांना अर्ज करून गाडी लावता येऊ लागली. साडेतीनशे वर्षांपूर्वी सरकार म्हणालं होतं, विस्तव घेऊन हिंडू नका. आता सरकारच म्हणतं, हिंडा, पण अडीच मीटरच्या आत.

लढाया जिंकणाऱ्यांची नावं पाठ करून मी कधीच विसरलो. पातेलं ओतून न देणाऱ्याची आठवण मात्र भुरक्याभुरक्याला होते.